बसायला बारा जण हवेत

बोईसर,
सोमवार, १० मार्च २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि आपण दोघी नुसत्या "काय? काय?" करत बसतो, म्हणून हे पत्र. तसंही आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

इथल्या मंडळीची पाळक म्हणून मला आठ महिने झाले. टायरच्या दुकानावरचा हॉल तू पाहिला आहेस. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली की नेमकं खाली हवा भरायचं यंत्र धडधडतं. आता मंडळीला त्याची इतकी सवय झाली आहे की ते थांबलं तर लोक डोळे उघडून बघतात.

तर, यंदा पवित्र गुरुवारी, १७ एप्रिलला, पाय धुण्याचा विधी करायचं मी ठरवलं आहे. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, तसाच. बारा खुर्च्या, बारा माणसं, एक परात आणि मी. काल उपासना संपल्यावर विचारलं, "माझ्याबरोबर पाय धुवायला कोण येईल?" नऊ हात वर. मग विचारलं, "आणि धुवून घ्यायला खुर्चीवर कोण बसेल?" एकही हात नाही!

प्रदीप म्हणाला, बारा-बारा तास सेफ्टी शूज घालून माझ्या पायांचं काय झालंय ते बायकोलासुद्धा दाखवत नाही. दीपिका म्हणाली, टाचांना भेगा आहेत, पुढच्या वर्षी बघू. झारखंडचा एक वेल्डर आहे, तो हात जोडून म्हणाला, "मैडम, आप हमारे पैर छुएँगी तो पाप किसको लगेगा?" सेमिनरीत याचं उत्तर शिकवलं नव्हतं.

आणि आमचे सचिव, दामूकाका साळवे. माझ्याआधी चार पाळक त्यांनी पाहिले. ते म्हणाले, "बाई, प्रवचन करा, आजाऱ्यांना भेटा. हे नाटक कशाला?" मला इथं कायम करायचं की नाही ते ईस्टरनंतरच्या सभेत ठरणार आहे, आणि सभेत दामूकाकांचा शब्द चालतो.

म्हणून तुला गळ घालते. तू ये आणि पहिल्या खुर्चीवर बस. अडतीस वर्षं तू किनाऱ्यावरच्या गावांत नर्सबाई म्हणून काढलीस. तुला इथलेही लोक मानतात. तू बसलीस तर बाकीचे बसतील.

तुझी,
उन्नती


एडवण,
१७ मार्च २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी येणार नाही. ईस्टर होईपर्यंत मी एडवण सोडत नाही. कारण विचारू नकोस. थोडी डागडुजी काढली आहे असं समज.

शिवाय मला तुझा बेतच पटलेला नाही. परात घेऊन पाय धुवायला बोलावलं असतंस तर विचार केला असता. खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून पाय धुवून घेणं आपल्याला जमायचं नाही. मी गरोदर बायकांचे सुजलेले पाय धुतले, खलाशांच्या पायांतले काटे काढले, कोणाचं काय काय साफ केलं ते लिहीत नाही, कारण तू हे जेवताना वाचत असशील. पण माझे पाय मीच धुतले. पाय धुवायला वाकलेल्या प्रभूला शिष्य पेत्र "नको" म्हणाला, त्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही. गुरूला कोणी खाली बसवतं का?

इथं होळी जोरात झाली. कोळीवाड्यातल्या बायका नाकापासून नखापर्यंत नटल्या होत्या. मी यंदा खिडकीतूनच पाहिली. शेजारची गोदूबाई दोन्ही वेळा येऊन बसते. सुकी मासळी विकायची सोडून तिला इथं काय एवढं गोड लागतं, कोण जाणे. तिची लेक हेतल कॉलेजातून आली की तीही येते. दोघी मिळून माझं डोकं खातात.

दामूकाकांशी वाद घालू नकोस. तब्येतीला जप.

सुलू आत्या


बोईसर,
२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

पत्र तीनदा वाचलं. डागडुजी! उभ्या घरात चार खोल्या नाहीत आणि महिनाभर डागडुजी? खरं सांग, मी पाळक झालेलं तुला आवडलेलं नाही ना? माझ्या दीक्षेच्या वेळीही तू मागच्या बाकावर बसली होतीस. दामूकाका "नाटक" म्हणाले ते मला इतकं लागलं नाही. तुझं "मला तुझा बेतच पटलेला नाही" लागलं.

असो. आता माझी फजिती ऐक. म्हणजे तुला बरं वाटेल.

परवा मनोरच्या पलीकडे एका पाड्यावर गेले होते. कमळी आणि तिचा नवरा देवू दोन वर्षांपासून आपल्या मंडळीत येतात. दोघं वीटभट्टीच्या कामावरून परत आली होती. मी अंगणात पोचले, तर कमळीची सासू तांब्या घेऊन पुढे आली आणि माझ्या पायांवर पाणी घालायला वाकली. सत्तरीची बाई, गुडघे धरून वाकलेली. मी टुणकन मागे उडी मारली. "नको, नको, आजी! तुम्ही नका!"

म्हातारीचा हात तसाच राहिला. कमळी हळूच म्हणाली, "बाय, आमच्या पान्याला काय झालाय? तुमी वरच्या, म्हनून नको?"

मी काहीतरी पुटपुटले, "मोठ्या माणसाने माझे पाय धुवायचे, बरं नाही दिसत" वगैरे. मग चहा झाला, प्रार्थना झाली, पण म्हातारी पुन्हा माझ्याकडे बघून हसली नाही. परत येताना जीपमध्ये मला एकदम कळलं की मी प्रदीप, दीपिका आणि वेल्डर यांना जे शिकवायला निघाले आहे, ते माझ्याच पायांशी येऊन उभं राहिलं तेव्हा मी पळाले. लाज वाटली, आत्या. अजून वाटते.

तू येत नसशील तर नको येऊस. पण राग असेल तर स्पष्ट लिही.

उन्नती


एडवण कोळीवाडा,
२९ मार्च

उन्नतीताई,

मी हेतल. माईंच्या, म्हंजे तुमच्या आत्यांच्या, शेजारची. तुमचा पत्ता पाकिटावरून घेतला.

माईंनी मला शप्पथ घातली हाय की उन्नतीला फोन करायचा नाय. फोनची शप्पथ हाय, पत्राची नाय. म्हनून लिहिते.

माई ९ तारखेला न्हाणीत पडल्या. डावा घोटा मोडला. पालघरला नेऊन प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाय. तुमाला सांगायचं तर म्हणाल्या, तिचा उपवासकाळ चाललाय, तिला कामं हायत. पहिले तीन दिवस आमाला पण हात लावू दिला नाय. बसून सरकत-सरकत जायच्या. चौथ्या दिवशी आई बादली घेऊन घुसली आणि आतून कडी लावली. आत लय भांडण झालं. मग आवाज बंद झाला. मग आई हसताना ऐकू आली.

आता रोज आई त्यांना आंघोळ घालते. रोज भांडण होतं, पन बारीक.

तुमचं पत्र वाचून माई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडल्या. तुमी या. मी सांगितलं असं सांगू नका. सांगितलं तरी चालेल, त्यांना कळेलच.

हेतल


एडवण,
५ एप्रिल २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

परवा तू न कळवता दारात उभी राहिलीस आणि मी तुझ्यावर ओरडले. तू सरळ आत जाऊन भांडी घासलीस, त्यावर आणखी ओरडले. तू संध्याकाळच्या गाडीसाठी सफाळे स्टेशनला निघालीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. ते बघून मी पांघरूण डोक्यावर घेतलं. ही एकाहत्तर वर्षांच्या बाईची तऱ्हा.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या दीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले, कारण मी हुंदके देऊन रडत होते आणि पुढे बसून रडले असते तर फोटो खराब झाले असते. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी वेदीपाशी उभं राहिलं, आणि ती माझ्या भावाची मुलगी. आता यापुढे विचारायचं नाही.

पडल्याचं लपवलं, त्याचं कारण लिहायला मला दोन दिवस लागले. अडतीस वर्षं मी खाटेच्या बाजूला उभी राहिले. खाटेवर पडलेलं माणूस कसं दिसतं ते मला माहीत आहे. त्याचे कपडे सरकलेले असतात, त्याला विचारून कोणी काही करत नाही, आणि ते सगळ्यांना सारखं "माफ करा हं" म्हणत राहतं. मला ते म्हणायचं नव्हतं. तुझ्यासमोर तर नाहीच.

गोदूबाई कडी लावून आत आली तेव्हा मी तिला म्हटलं, "बाहेर हो. मला लाज वाटते." ती पदर खोचून म्हणाली, "माझी दोन पोरं तुज्या हातांवर झाली. तवा मी काय नेसून होती? मी लाजली का? तू तवा म्हनली, गोदू, लाज खुंटीला टांग. आता तू टांग." माझेच शब्द, तीस वर्षं जपून ठेवलेले. मी स्टुलावर बसले. पाणी छान कढत होतं. तिनं पाठ चोळली तेव्हा मला माझी आई आठवली, आणि मी रडले, आणि ती हसली, म्हणाली, "साबण गेला डोळ्यात, असं सांगू हेतलला."

काल तिला मी ती पाय धुण्याची गोष्ट वाचून दाखवली. पेत्र नको म्हणतो आणि प्रभू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्यात तुझा वाटा नाही. 'वाटा' शब्द आला तशी गोदूबाई सरसावून बसली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरच्या मासळीचे वाटे पडतात. म्हणाली, "तुज्या देवाचा न्याय उलटा हाय. आमच्यात जाळं ओढील त्याला वाटा. हा म्हनतो, नुसता बसून पाय धुवून घेईल त्याला?" मी म्हटलं, "आणि खलाशी आजारी पडून घरी राहिला तर?" ती म्हणाली, "त्याचा काढतात. त्याचा बी वाटा काढतात." मग तिनं सुपारी तोंडात टाकली. शेवटी ती म्हणाली, "मग बरोबर हाय." आणि वाळत घातलेली मासळी उलटायला निघून गेली.

मी जन्माची ख्रिस्ती. कृपा, कृपा म्हणत गाणी म्हटली. पण मनातून मला कायम वाटायचं की मी जाळं ओढते म्हणून माझा वाटा. पेत्रालाही तेच वाटत असणार. म्हणून तो मला इतका आवडायचा.

त्या म्हातारीकडे परत जा. माफी मागू नकोस, पाय पुढे कर.

सुलू आत्या


बोईसर,
९ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. पांघरुणाबद्दल काही मनात नाही. भांडी मात्र नीट घासली होती, हे मान्य कर.

रविवारी तयार केलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि पाड्यावर मी मागे उडी कशी मारली ते मंडळीला जसंच्या तसं सांगितलं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. शेवटी म्हटलं, "मला स्वतःला जमलं नाही, म्हणून तुम्हाला आग्रह करत नाही. ज्याला बसावंसं वाटेल त्याने बसावं." पाच नावं आली. वेल्डरचं पहिलं.

पण खरी गोष्ट सोमवारी घडली. दामूकाका एकटेच माझ्या खोलीवर आले. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता राजीनामा लिहून मागतात. खुर्चीवर बसले, डावा बूट काढला, मोजा काढला. पायाला दोन बोटं नाहीत, आत्या. मधुमेहात पाच वर्षांपूर्वी काढावी लागली. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही.

"सचिव म्हणून पहिला मलाच बसवणार ना तुम्ही?" ते म्हणाले. "बत्तीस वर्षं तारापूरच्या प्लांटवर काढली. हाताखालची पोरं मला अजून साहेब म्हणतात. त्यांच्यासमोर हा पाय उघडा करू? म्हणून नाटक म्हटलं. तुम्हाला नाही म्हटलं, बाई. मला स्वतःला वाचवायला म्हटलं."

मी म्हणाले, "काका, तुम्हाला कोणी बसवणार नाही." त्यावर बराच वेळ मोज्याशी चाळा करत बसले आणि मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "पण समजा बसलो, तर या पायाला पाणी चालतं का?"

आत्या, मला माहीत नाही. मी त्यांना सांगितलं, माझी आत्या नर्स आहे, तिला विचारते. तुझं नाव घेतल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. लगेच लिही.

उन्नती


एडवण,
१२ एप्रिल २०२५

चि. उन्नती,

हेतल सकाळच्या गाडीने पालघरला जाते आहे, तिथून ती हे पत्र बोईसरला जाणाऱ्या कोणाकडे तरी देईल. घाईत लिहिते.

पाणी चालतं. कोमट हवं. कोपर बुडवून बघ, बोटं नको. तुझ्या बोटांना गरम चहाच्या कपाची सवय आहे आणि काकांच्या पायाला चटका कळायचा नाही. कुठं जखम किंवा फोड असेल तर पाणी लावायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं. पाय पाण्यात भिजत ठेवायचा नाही. घासायचं नाही. साबण नको. मऊ कापडानं टिपायचं, बोटांच्या मधे कोरडं करायचं. बोटं नाहीत तिथंही हात तितकाच वेळ ठेवायचा. घाईनं पुढे सरकलीस तर त्यांना लगेच कळेल. आणि "अरेरे" म्हणायचं नाही, तोंडानंही नाही आणि डोळ्यांनीही नाही.

गोदूबाईला विचारलं, पाय धुताना तुला माझं काय आवडत नाही? ती म्हणाली, "तू भिताडाकडं बघतेस. माज्याकडं बघ ना." हेही काकांना सांग.

सुलू आत्या


बोईसर,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम. उद्या ईस्टर, पहाटेची उपासना आहे, गाणी बसवायची आहेत, पण आधी हे लिहिते.

गुरुवारी सहा वाजता बारा खुर्च्या मांडल्या तेव्हा माझ्याकडे नऊ नावं होती. गंमत म्हणजे नऊही जण घरून पाय घासूनपुसून आले होते. वेल्डर अभिमानाने म्हणाला, "मैडम, दो बार धो के आया हूँ." दीपिकाच्या नखांना ताजी लाली. प्रदीपने तर पायाला पावडर लावली होती. परातीत पाणी घातलं तर दुधासारखं पांढरं झालं. मी हसू दाबत होते.

मग दामूकाका उठले. पहिली खुर्ची कोणी घेतली नव्हती, तिच्यावर बसले. बूट काढला, मोजा काढला, आणि मी पुढे व्हायच्या आत स्वतःच खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन बोटं गेली आहेत. साखर आहे मला. आता ज्यांना बघायचं त्यांनी बघून घ्या, मग आपण प्रार्थना करू." मी कोपर बुडवलं, पाय हातात घेतला. काकांनी भिंतीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. तू सांगितलंस तसं रिकाम्या जागेवरही हात ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली परातीत पडलं. खाली हवा भरायचं यंत्र सुरू होतं, नाहीतर सगळ्यांना हुंदका ऐकू आला असता. माझाच.

त्यांच्यानंतर उरलेल्या दोन खुर्च्यांसाठी सात जण उठले. दोघं तर एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसले.

शेवटी कमळी आणि तिची सासू आल्या. देवूने टेम्पोने आणलं होतं. पाड्यावर मी मंगळवारी जाऊन आले होते, पण म्हातारी घरी नव्हती, रानात गेली होती, म्हणून कमळीकडे निरोप ठेवला होता. मी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "माजे मागून. आदी तू बस."

काय सांगू! सगळी मंडळी बघतेय. माझ्या डोक्यात लगेच कारणं तयार, वेळ होतोय, विधीत असं नसतं, आजींचे गुडघे दुखतील. तोंड उघडणार तेवढ्यात दामूकाका म्हणाले, "बाई, बसा आता. आम्ही बसलो ना?"

बसले. म्हातारी खाली बसली, तांब्याने पाणी घातलं आणि अंगठ्याने तळवा चोळला. आणि मला गुदगुल्या झाल्या! मला आजवर माहीत नव्हतं की मला तळव्याला एवढ्या गुदगुल्या होतात. मी फिसकन हसले. म्हातारीला वाटलं चांगलं चाललंय, तिनं आणखी चोळलं. मग कमळी हसली, दीपिका हसली, अख्खा हॉल हसायला लागला, आणि मी खुर्चीवर बसून हसत आणि रडत होते. कसली गंभीर उपासना! पण मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघून हसली, तोंडात दातच नाहीत, तरी सगळं तोंड भरून. नंतर मी तिचे पाय धुतले. तिने त्यातही मला शिकवलं, टाच अशी नाही, अशी धर.

काल, उत्तम शुक्रवारी, दामूकाका उघड्या चपला घालून आले. मी सभेचा विषय काढला तर म्हणाले, "तुम्हाला कायम करायचा कागद मी सहीसकट तयार ठेवलाय. तुम्ही फक्त पुढच्या वर्षी परात मोठी आणा."

तुझा घोटा कसा आहे?

उन्नती


एडवण,
२६ एप्रिल २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हेतलने कोळीवाड्यात मोठ्यांदा वाचून दाखवलं. मला कमी ऐकू येतं म्हणून तिनं इतक्या मोठ्यांदा वाचलं की जेट्टीवरच्या माणसांनाही दामूकाकांची बोटं माहीत झाली. काकांना सांगू नकोस. किंवा सांग, आता त्यांना चालेल.

मंगळवारी प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो मुळ्यासारखा पांढरा आणि बारीक. डॉक्टर म्हणाले, हाड नीट जुळलं आहे, पण जपून, आणि दोन महिने एकटीनं राहायचं नाही. मी त्यांना म्हटलं, "माझी सोय आहे." रिक्षात बसल्यावर गोदूबाई म्हणाली, "कुठली सोय? कोळीवाड्याचं लगीनसराईचं काम आलंय, मी दिवसभर नसनार. हेतलची परीक्षा." तिनं पुढं काही सुचवलं नाही. मुद्दाम सुचवलं नाही, हे मला माहीत आहे. ती खिडकीबाहेर बघत सुपारी चघळत होती आणि माझी वाट बघत होती.

म्हणून आता लिहिते. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं आहे, ते तुला कागदावर दिसेल.

मे महिन्यात तुला सुट्टी असेल तर माझ्याकडे राहायला ये. मला सोबत हवी आहे. मला एकटीला न्हाणीत जायची भीती वाटते.

झालं. लिहिलं. जगबुडी झाली नाही.

गोदूबाईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आता आनखी माग. तुजी लय वर्सं राहिल्येत." म्हणून विचार केला, तर हवं असलेलं पुष्कळ निघालं. पाठ खाजवायची लाकडी काठी, बोईसरच्या बाजारातली मऊ उशी, तुझ्या हातची वांग्याची भाजी, रोज संध्याकाळी एकदा कोणीतरी किनाऱ्यापर्यंत धरून नेणं. बाकीची यादी पानाच्या मागच्या बाजूला आहे. लांब आहे, नीट वाच.

तुझी,
सुलू आत्या